तुम्ही विचारलंत म्हणून: तिकडचा बर्फ आणि आपलं गाव

"थंयचो बर्फ वितळलो की आमचो गाव बुडतलो काय गो?"

गावी गेले की हा प्रश्न कुणी ना कुणी विचारतंच. रापणीवर, बाजारात, लग्नाच्या मांडवात. मी ध्रुवांकडच्या समुद्रांवर आणि थंडीत त्यांच्यावर धरणाऱ्या बर्फावर काम करते, हे वेंगुर्ल्याकडच्या माझ्या माणसांना ठाऊक आहे. बर्फ वितळला की समुद्र चढतो, हे त्यांनी टीव्हीवर ऐकलेलं असतं. प्रश्न रास्त आहे. ज्याच्या माडाच्या मुळाशी दर पावसाळ्यात लाट येऊन माती नेते, त्याने तो विचारायलाच हवा. पण उत्तर उभ्या उभ्या देण्यासारखं नाही, म्हणून निवांत लिहिते.

मी ज्या बर्फावर काम करते, तो वितळल्याने गाव बुडणार नाही. तो समुद्राचंच पाणी गोठून झालेला असतो आणि समुद्रावरच तरंगत असतो. तरंगताना जेवढं पाणी त्याने बाजूला सारलेलं असतं, वितळल्यावर जवळजवळ तेवढंच त्याचं पाणी होतं. (समुद्र खारा आणि बर्फ त्या मानाने गोडा, त्यामुळे किंचित फरक पडतो, पण तो अगदीच क्षुल्लक.) समुद्राची पातळी वाढवतो तो जमिनीवरचा बर्फ. हजारो वर्षं पडलेलं हिम दबून दबून अंटार्क्टिका आणि ग्रीनलंडवर त्याचे दोन-तीन किलोमीटर जाडीचे थर झालेत. ग्रीनलंडचा सगळा बर्फ वितळला तर जगभरचा समुद्र सात मीटरांहून जास्त वर येईल, आणि अंटार्क्टिकाचा वितळला तर जवळपास 58 मीटर. एवढं सगळं वितळायला शतकं, सहस्रकं लागतात. पण त्यातला थोडा भाग आजही समुद्रात उतरतो आहे, आणि किनाऱ्याला तो थोडाच भारी पडतो.

बातम्यांत या दोन्ही बर्फांची चित्रं सरमिसळ करून दाखवतात आणि मला त्याचं मनापासून वाईट वाटतं. त्यामुळे समुद्रावरचा बर्फ नेमकं काय करतो, हे कुणापर्यंत पोचतच नाही.

तो जे करतो त्यातली मोठी गोष्ट मिठाची आहे. शिरोड्याची मिठागरं आपण सगळ्यांनी बघितलीत. तिथे ऊन पाणी नेतं आणि मीठ मागे ठेवतं. ध्रुवाकडे थंडी याच्या उलट करते: पाण्याचा बर्फ करून वर ठेवते आणि मीठ खालच्या समुद्रात ढकलते.

समुद्राचं पाणी शून्याला गोठत नाही, साधारण उणे 1.8 अंशाला गोठतं. आधी पाण्यात बारीक सुयांसारखे स्फटिक दिसू लागतात. मग त्यांचा दाट थर होतो आणि लाटांची चमक जाऊन पाणी मंद, राखाडी, तेलकट दिसायला लागतं. पुढे लाटांनी हलत हलत त्याच्या गोल चकत्या होतात, एकमेकींवर आपटून त्यांच्या कडा वर उचलल्या जातात. थंडी टिकली की त्या चकत्या एकमेकींना धरून सलग पृष्ठभाग होतो, आणि पुढचा बर्फ खालच्या अंगाने वाढत जातो. पाण्याच्या स्फटिकात मिठाला जागा नसते. त्यामुळे मीठ स्फटिकांच्या मधल्या फटींत अडकतं, अतिखारट पाण्याच्या थेंबांच्या रूपात. हे थेंब बारीक नळ्यांतून हळूहळू खाली उतरतात आणि समुद्रात जातात.

हे डोळ्यांनी दिसतं. पोकळ नळीचं ड्रिल बर्फात उतरवून आम्ही त्याचा उभा, गोल नमुना काढतो. तो बाहेर येतो तोच खालच्या टोकातून खारं पाणी ठिबकायला लागतं. तेव्हा घाई करावी लागते. मिनिटभर रेंगाळलं तरी जे मोजायला आलो ते बर्फावर सांडून जातं. तापमान घ्यायचं, करवतीने तुकडे करायचे, प्रत्येक तुकडा झाकणाच्या डब्यात, डब्यावर खोली. नमुन्याचं खालचं टोक पुष्कळदा तपकिरी असतं. ती घाण नव्हे, शेवाळ आहे. बर्फाच्या तळाला, त्याच खाऱ्या नळ्यांत, जाडीतून झिरपणाऱ्या अंधूक उजेडावर ते वाढतं. क्रिल म्हणजे कोळंबीसारखे बारीक जीव; त्यांची पिल्लं हिवाळ्यात त्यावर जगतात, आणि क्रिलवर पेंग्विन, सील, देवमासे. पांढऱ्याशुभ्र नमुन्याचं ते तपकिरी टोक हातात धरलं की अजूनही माझं मन भरून येतं.

खाली गेलेल्या मिठाने तिथलं पाणी जड होतं. काही जागी जमिनीवरून सुटणारा गार वारा किनाऱ्यालगतचा बर्फ तयार होता होता समुद्रात लोटून देतो, पाणी पुन्हा उघडं पडतं, पुन्हा गोठतं, आणि मीठ उतरतच राहतं. असं पाणी एवढं जड होतं की उतारावरून घसरत थेट महासागराच्या तळाशी जातं आणि ताजा प्राणवायू घेऊन उत्तरेकडे पसरतं. अशी एक जागा अंटार्क्टिकाच्या किनाऱ्यावर केप डार्नलीजवळ असल्याचं जपानी शास्त्रज्ञांनी 2013 साली दाखवून दिलं. भारताचं अंटार्क्टिकातलं भारती हे संशोधन केंद्र ज्या प्रिड्झ उपसागरावर 2012 साली उभं राहिलं, त्याच्या पश्चिमेला ही जागा येते.

भारतीचं नाव निघालं म्हणून सांगते. वेंगुर्ल्याचं रेखांश साधारण 73.6 पूर्व, भारतीचं 76. म्हणजे आपल्या पुळणीवरून दक्षिणेकडे तोंड करून सरळ रेघ मारली, तर मालदीवसारखी लहानसहान बेटं सोडता मध्ये नुसतं पाणी, आणि रेघ संपते ती त्याच अंटार्क्टिकाच्या किनाऱ्यावर.

आणि तिकडून इकडे लाटा खरंच येतात. रापणकरांना हे वेगळं सांगायला नको. चैत्र-वैशाखात वारा नाही, आभाळात ढग नाही, आणि तरी लांब लांब अंतराने जाड लाटा येऊन पुळण चढून जातात, होड्या हलवतात. त्या लाटा आपल्या वाऱ्याने उठवलेल्या नसतात. दक्षिण महासागरातल्या वादळांनी उठवलेल्या असतात. पंधरा सेकंदांच्या अंतराने येणाऱ्या लाटांचा जथा खोल समुद्रात दिवसाला हजारेक किलोमीटर जातो, म्हणजे तिथलं वादळ आठवड्याभराने आपल्या दारात. हैदराबादचं भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र या लाटांचे इशारे आधी देतं. कृपा करून ते इशारे गंभीरपणे घ्या. ऊन लख्ख असताना आलेला इशारा खोटा वाटतो, तोच नेमका खरा असतो.

याच लाटा दक्षिणेकडेही जातात. तिकडे त्यांना अडवतो समुद्रावरचा बर्फ. त्यात शिरलेली लाट शेकडो किलोमीटर जात जात मरते, त्यामुळे मागच्या हिमस्तरांच्या तरंगत्या कडांपर्यंत तिचा मार पोचत नाही. या कडा जमिनीवरच्या बर्फाला पाठीमागे रोखून धरतात. 2002 साली लार्सन बी नावाची अशी कड, सव्वातीन हजार चौरस किलोमीटरची, काही आठवड्यांत फुटली, आणि तिच्या मागच्या हिमनद्या पूर्वीपेक्षा वेगाने समुद्रात उतरू लागल्या. आता मूळ प्रश्नाकडे बघा. समुद्रावरचा बर्फ स्वतः पातळी वाढवत नाही, पण जो वाढवू शकतो त्याच्या पुढ्यात तो उभा असतो.

म्हणून गेल्या काही वर्षांतले आकडे बघताना मला अस्वस्थ व्हायला होतं. अंटार्क्टिकाभोवतीचा बर्फ फेब्रुवारीत साधारण 30 लाख चौरस किलोमीटर उरायचा आणि सप्टेंबरपर्यंत 1 कोटी 85 लाखांच्या घरात जायचा. मधली वाढ चार भारतांहून मोठी! 1978 च्या अखेरीपासून उपग्रह सूक्ष्मलहरींनी हे जवळजवळ रोज मोजताहेत, ढग असो की ध्रुवावरची रात्र. तापमानवाढ चालू असूनही 2014 च्या सप्टेंबरात हा बर्फ 2 कोटींवर गेला होता. 2016 पासून उतरण लागली. 2023 च्या फेब्रुवारीत फक्त 18 लाखांच्या आसपास उरला आणि त्याच वर्षी भर हिवाळ्यातही 1 कोटी 70 लाखांना पोचला नाही, आधीच्या नीचांकाहून तब्बल 10 लाखांनी कमी. उघडा समुद्र ऊन पिऊन घेतो, बर्फ ते परत पाठवतो. हिम पडलेला बर्फ तर दहातले आठ वाटे. बर्फ कमी म्हणजे पाणी जास्त तापणार आणि पुढचा बर्फ उशिरा धरणार.

उत्तर ध्रुवाकडे घसरण आधीपासूनच चालू आहे. वास्कोला सड्यावर राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र आहे. तिथल्या संशोधकांनी 2021 साली एक संबंध मांडला: उन्हाळ्यात रशियाच्या उत्तरेच्या कारा समुद्रावरचा बर्फ कमी असणं आणि आपल्याकडे सप्टेंबरात अतिवृष्टी होणं. शक्यता म्हणूनच मांडलाय, आणि तसंच त्याकडे बघायला हवं. पण सप्टेंबरात हळवं भात कापणीला आलेलं असताना आडवा पाऊस काय करतो, हे आपल्याला शिकवायला नको.

आपल्या किनाऱ्यापुरतं बोलायचं तर, 1993 पासून जगातल्या समुद्राची सरासरी पातळी सुमारे 10 सेंटीमीटर वाढली आहे. थोडी पाणी तापून फुगल्यामुळे, बाकी जमिनीवरच्या बर्फामुळे. वीतभर तरी आहे का, असं वाटेल. पण पाणी एकदम गावावर चालून येत नाही. ते अमावास्या-पुनवेच्या उधाणात मिसळून येतं, निसर्ग किंवा तौक्तेसारख्या वादळाच्या पाठीवर बसून येतं. आधी खारबंधाऱ्यावरून एकदा पाणी जातं. मग खाजणालगतच्या एखाद्या विहिरीचं पाणी मचूळ लागतं. बुडण्याच्या पुष्कळ आधी शेत नासतं नि पिण्याचं पाणी जातं. मला काळजी त्याची वाटते.

मुंबई बंदरात समुद्राची पातळी 1878 पासून नोंदली गेली आहे. आपल्या वाड्यांपाशी असं काही नाही, पण तुमच्याकडे ते थोडंफार आहे. कुठल्या वर्षीच्या उधाणाचं पाणी कुठल्या पायरीपर्यंत आलं, कुठली विहीर कधी मचूळ झाली आणि पावसानंतर सुधारली की नाही, माडांची कुठली रांग कधी गेली. घरातल्या म्हाताऱ्यांना विचारून, सालासकट लिहून ठेवा. उधाण ओसरलं की त्याच दिवशी भिंतीवर खूण करून तारीख घाला. पुढच्या खेपेला येईन तेव्हा मला ते सगळं बघायचं आहे.