लाकडाच्या घड्या

कापडाची घडी विस्कटली तर पुन्हा घालता येते. ओकच्या फळीत कोरलेल्या घडीला ती सवलत नाही. 15व्या शतकात फ्लँडर्सच्या (आजच्या बेल्जियमच्या भागातल्या) सुतारांनी कापडाच्या घड्यांसारखी ही नक्षी रूढ केली, तिथून ती इंग्लंडात पोचली. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आणि हॅम्प्टन कोर्ट राजवाड्यात ती पाहायला मिळते. 'लिननफोल्ड' (तागाच्या कापडाची घडी) हे नाव मात्र तिला 19व्या शतकात चिकटलं. फ्रेंचांना तीच घडी चर्मपत्राची वाटली.

फळीसमोर उभं राहिलं की आधी मधल्या उभ्या चुण्यांकडे नजर जाते. खरं तर तिथे कोरीवकाम जवळजवळ नाहीच! गोल पात्याचा रंधा या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ फिरवला की कंगोरे आणि खळगे तयार. सगळी करामत वरच्या-खालच्या दोन-तीन इंचांत आहे. तिथे गोल पटाशीने कापडाची कड वळवायची, एक पदर दुसऱ्याखाली गेलेला दाखवायचा. ही टोकं झाकली, तर उरते नुसती पन्हळी फळी.

त्याआधीचं काम लाकूड निवडण्याचं. ओंडका करवतीने न कापता ओला असतानाच पाचर ठोकून, गाभ्यापासून सालीकडे फाडायचा. अशी फळी कमी मुरडते, कारण ओक गाभा-साल या दिशेने जेवढा आटतो त्याच्या जवळपास दुप्पट वाढीच्या वर्तुळांच्या दिशेने आटतो. शिवाय अशा फळीवर चंदेरी पट्टे उमटतात, ते वेगळंच.

फळी चौकटीत बसते ती सैल. मागच्या कडा तासून पातळ केलेल्या असतात आणि खाचेत नुसत्या सरकवलेल्या. सरस नाही, खिळा नाही. 25 सेंटिमीटर रुंदीची फळी दमट-कोरड्या हवेत दीड-दोन मिलिमीटर सहज हलते. पुढे कुणी 'डुगडुगते' म्हणून तिच्या कडा सरसाने चिकटवल्या, की पहिल्याच कोरड्या हिवाळ्यात ती लाकडाच्या रेषांच्या दिशेने उभी तडकते, आणि बहुतेकदा नेमक्या चुणीच्या तळाशी, जिथे लाकूड सर्वांत पातळ आहे. घट्ट असायला हवी ती चौकट. तिथे कुसवाचं (दुसऱ्या लाकडाच्या खाचेत शिरणाऱ्या टोकाचं) भोक मुद्दाम एक-दोन मिलिमीटर सरकवून पाडतात, म्हणजे ओकची मेख ठोकताच सांधा आपोआप आवळतो.

लोखंडी खिळा ओकला सोसत नाही. लाकडातल्या टॅनिनशी (तुरट द्रव्याशी) लोखंड भिडलं की निळसर काळा डाग पडतो. आपल्याकडे वाड्यांच्या सागवानी दारांवर लोखंडी खिळ्यांच्या रांगा मिरवतात; सागाच्या अंगी तेल असतं, ते लोखंडाला गंजण्यापासून जपतं.

काळपट तपकिरी रंगावरून वय ओळखू पाहणं ही हमखास होणारी चूक. ताजा ओक मधाच्या रंगाचा असतो. हा काळोख पुष्कळदा नंतरच्या पिढ्यांनी फासलेल्या रंग-मेणाचा. खरी ओळख पाठीमागे: फाडलेल्या लाकडाचा खडबडीत पृष्ठभाग, कमी-जास्त जाडी, हत्याराचे वेडेवाकडे ठसे. यंत्रावर केलेल्या नकलेची पाठ एकसारखी गुळगुळीत असते. पण संग्रहालयात फळी भिंतीला लावलेली, त्यामुळे नेमकी तीच बाजू दिसत नाही.