फिटरचा ट्रेड घेऊ का, मामा?

दहावीचा निकाल लागला की गावाकडून फोन सुरू होतात. बार्शीकडचा माणूस भोसरीच्या एमआयडीसीत टूल रूममध्ये केस पांढरे होईपर्यंत टिकलाय म्हटल्यावर, "पोराला कशाला घालू?" हे मलाच विचारलं जातं. यंदा सख्ख्या भाच्याचाच फोन आला. आयटीआयचा फॉर्म भरायचाय, फिटर (लोखंडाचे भाग घासून-मोजून जुळवणारा) घेऊ की इलेक्ट्रिशियन? शिवाय त्याच्या मित्रांनी सांगितलंय की दोन वर्षं कशाला घालवतोस, तीन महिन्यांचा सीएनसीचा (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनचा) कोर्स कर, लगेच नोकरी. फोनवर जेवढं सांगता आलं तेवढं सांगितलं. राहिलेलं इथे लिहितोय, म्हणजे त्याच्यासारख्या इतर पोरांनाही वाचता येईल.

आधी मी काय करतो ते सांगतो, कारण घरातसुद्धा बऱ्याच जणांना ते नीट माहीत नाही. प्लास्टिकची कुठलीही वस्तू घ्या, डब्याचं झाकण, स्विचबोर्ड, गाडीचा डॅशबोर्ड. ती ज्या पोलादी साच्यातून निघते तो मोल्ड आम्ही बनवतो. मोल्डचे दोन भाग, कोअर आणि कॅव्हिटी. ते जिथे एकमेकांवर बसतात ती पार्टिंग लाईन. माझं मुख्य काम ही लाईन बसवायचं.

ते असं चालतं. एका भागाला निळा, म्हणजे प्रशियन ब्लू, बोटाने अगदी पातळ लावायचा. स्पॉटिंग प्रेसवर मोल्ड बंद करायचा आणि उघडायचा. समोरच्या भागावर जिथे निळा उमटला तिथे उंचवटा आहे. तेवढाच ग्राइंडरने, नंतर स्टोनने घासायचा. पुसायचं, पुन्हा निळा, पुन्हा बंद. मशीनिंग चांगलं झालेलं असलं तरी मोठ्या मोल्डला यात दिवसच्या दिवस जातात. सगळ्या बाजूंनी सारखा निळा उमटला की मोल्ड ट्रायलला पाठवायचा. कुठे फट राहिली तर प्लास्टिक तिथून बाहेर येतं, त्याला आम्ही फ्लॅश म्हणतो. नायलॉन तर वितळल्यावर इतकं पातळ होतं की वीस-तीस मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) फटीतूनही निसटतं, आणि डोक्यावरचा केस साधारण सत्तर मायक्रॉनचा असतो. उलट एखादी जागा जास्त घासली गेली तर वेल्डिंग भरून पुन्हा मशीनवर चढवावं लागतं. पार्टीला दिलेली तारीख हुकते. हात कुठे थांबवायचा हे कळणं हाच या कामातला कस.

हे कळायला सुरुवात कुठे होते? आयटीआयच्या बेंच व्हाइसवर, म्हणजे तुकडा धरायच्या शिकंज्यावर. फिटरच्या पहिल्या महिन्यांत पोरं वैतागतात, कारण निदेशक सर नुसती फाईल, म्हणजे कानस, मारायला लावतात. माइल्ड स्टीलचा तुकडा घ्यायचा, बास्टर्ड, म्हणजे जाड दातांच्या, फाईलने सपाट करायचा, मग सेकंड कट, मग स्मूथ. ट्राय स्क्वेअर (गुण्या) लावून उजेडासमोर धरायचा. पात्याखालून उजेडाची रेघ दिसली की परत व्हाइसमध्ये. तळहाताला फोड येतात, खांदे भरून येतात. पुढे मेल-फिमेल जॉब (जॉब म्हणजे घडवायचा तुकडा) येतो, एक तुकडा दुसऱ्यात कुठूनही घातला तरी तसाच बसला पाहिजे. भाच्या, या दिवसांत दांडी मारू नकोस. सहा महिने फाईल मारलेला आणि न मारलेला पोरगा पुढे मशीनवर उभा राहिला की मला दहा मिनिटांत ओळखू येतो. पहिला जॉब क्लॅम्प करताना खालची चिप, म्हणजे लोखंडाचा कीस, पुसतो की नाही, एवढं बघितलं तरी पुरतं.

म्हणून माझं उत्तर फिटर. इलेक्ट्रिशियन वाईट नाही, ज्याला तारांची आवड आहे त्याने जरूर घ्यावा, गावातही काम मिळतं. वेल्डरचा ट्रेड एका वर्षाचा आहे, घरची ओढाताण असेल तर तोही उत्तम, चांगल्या वेल्डरला मागणी कायम असते. पण ज्याला लोखंड आवडतं आणि मोजायला आवडतं त्याला फिटरइतका रुंद पाया दुसरा कुठला नाही. तुझ्या आयटीआयत टूल अँड डाय मेकरची जागा असेल आणि मार्क बसत असतील, तर तो फिटरच्याही वर लिही. आणि घरच्यांना प्रवेश परीक्षेची तयारी परवडत असेल, तर छत्रपती संभाजीनगरच्या इंडो-जर्मन टूल रूमचा दहावीनंतरचा डिप्लोमाही बघून ठेव.

आता त्या तीन महिन्यांच्या कोर्सचं. त्यात पोराला प्रोग्रामचे कोड पाठ करून घेतात आणि नोकरी लागते ती ऑपरेटरची. जॉब लावायचा, दार बंद करायचं, हिरवं बटण दाबायचं, जॉब काढायचा, गेज लावायचा. शिफ्टभर तेच. त्या कामात कमीपणा काही नाही, माझ्या ओळखीची कितीतरी घरं त्यावर चालतात. पण प्रोग्राम दुसऱ्याने लिहिलेला असतो, झिरो (मोजमाप जिथून सुरू होतं तो बिंदू) दुसऱ्याने घेतलेला असतो, टूल ऑफसेट (टूलच्या मापाचा आकडा) दुसराच टाकतो. तो दुसरा म्हणजे सेटर. मशीन बंद पडलं की मालक हाक मारतो ती सेटरला, आणि पगारवाढीच्या वेळी कुणाला सोडायचं नाही हेही तेव्हाच ठरलेलं असतं. त्यामुळे कुठेही मुलाखतीला गेलास की एक प्रश्न विचार: "सर, इथे सेटिंग कोण करतं, आणि मला ते कधी शिकवणार?" उत्तर टाळलं तर समजून जा.

हा प्रश्न ॲप्रेंटिसशिपलाही लागू आहे. ॲप्रेंटिस कायदा १९६१ सालचा, हेतू चांगला: पोरगा कारखान्यात शिकेल, स्टायपेंड मिळेल, शेवटी परीक्षा देऊन राष्ट्रीय प्रमाणपत्र घेईल. जिथे तो नीट पाळतात तिथे त्या एका वर्षात आयुष्याचं शिक्षण होतं. पण माझ्या शेजारचा एक मुलगा ॲप्रेंटिस म्हणून लागला आणि वर्षभर असेंब्ली लाईनवर एकच स्क्रू मारत बसला. ट्रेड मशीनिस्ट, हातात मशीन एकदाही नाही. अशा ठिकाणी पोरांचं वर्ष खाल्लं जातं आणि त्याचा मला मनापासून राग येतो. जॉइन होण्याआधी विचारून घे, कुठकुठल्या सेक्शनला किती दिवस ठेवणार. मोठ्या नावाच्या कंपनीची लाईन आणि वीस माणसांच्या छोट्या टूल रूमचा बेंच यांतून निवडायची वेळ आली, तर सुरुवातीची तीन-चार वर्षं मी बेंच निवडेन. हे घरी आवडणार नाही. सोयरिकीत कंपनीचं नाव चालतं हे मला माहीत आहे. आक्काशी, तुझ्या आईशी, मी बोलतो.

गणित टाकू नकोस. दहावीत साइन थीटा शिकलास ना, ते इथे रोज लागतं. ग्राइंडिंगला जॉब ३० अंशात तिरका लावायचाय, साइन बार (कोन लावायची पट्टी) १०० मिमीचा आहे, तर एका टोकाखाली ५० मिमीच्या स्लिप गेज (अचूक मापाचे ठोकळे) लागतात, कारण साइन ३० म्हणजे अर्धा. पॉलिप्रॉपिलीन हे प्लास्टिक थंड होताना साधारण दीड टक्का आकसतं. वस्तू १०० मिमीची हवी असेल तर मोल्ड १०१.५ चा करावा लागतो. एबीएस नावाच्या प्लास्टिकला हाच हिशेब अर्ध्या टक्क्याच्या आसपास येतो. ड्रॉइंग हातात आलं की सगळ्यात आधी कोपऱ्यातलं प्रोजेक्शनचं, म्हणजे वस्तूच्या बाजू कागदावर कुठे मांडल्यात त्याचं, चिन्ह बघायची सवय लाव. आपल्याकडे फर्स्ट अँगल चालतं, अमेरिकेतून आलेलं ड्रॉइंग थर्ड अँगलचं असतं. चिन्ह न बघता काम केलं तर उजवीकडचं भोक डावीकडे पडतं आणि महागाचं पोलाद भंगारात जातं. आमच्या वायरकटवर (तारेने पोलाद कापायचं मशीन) एक मुलगी आहे, लातूरची, आयटीआय करून डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला गेली होती. ड्रॉइंग वाचण्यात तिचा हात धरणारं आमच्या शॉपमध्ये कुणी नाही, मीसुद्धा अडलो की तिला विचारतो.

फिरत्या मशीनवर हातमोजे घालायचे नाहीत. ड्रिल असो, लेथ असो. कापड धाग्याने ओढलं जातं आणि हात मागे घ्यायला वेळ मिळत नाही. बाह्या दुमडलेल्या, हातात कडं-दोरा काही नको. देवाचा दोरा असला तरी शिफ्टपुरता खिशात ठेव.

आणि पगाराची स्लिप वाचायला शिक. सुरुवातीचा पगार कमीच असतो, खोटं कशाला सांगू. तो २१,००० च्या आत असेल तर ईएसआय (कामगारांचा सरकारी आरोग्य विमा) लागू होतं. तुझ्या पगारातून पाऊण टक्का जातो, मालक सव्वातीन टक्के भरतो, आणि घरच्यांसकट दवाखाना मिळतो. कार्ड पहिल्याच महिन्यात मागून घे. कॉन्ट्रॅक्टवर असशील तर पीएफ खरंच भरला जातोय का हे मोबाइलवर पासबुक उघडून स्वतः बघत जा, कॉन्ट्रॅक्टरच्या तोंडी शब्दावर राहू नकोस. आमच्या इथले एक काका गेल्या वर्षी रिटायर झाले. दर वेळी नोकरी सोडली की पीएफ आणि पेन्शनचे पैसे काढून घ्यायचे, कधी बहिणीचं लग्न, कधी बोअर. कामाची वर्षं भरपूर झाली, पण पेन्शनला लागणारी दहा वर्षं खात्यात भरलीच नाहीत. यूएएन (पीएफचा कायमचा नंबर) एकच ठेव, नोकरी बदलली की पैसे ट्रान्सफर कर, आणि नाव-जन्मतारीख आधार कार्डाशी जुळतंय का ते जॉइन होतानाच तपासून घे. नंतर दुरुस्तीला फार हेलपाटे पडतात.