साडेसहाची गाडी आणि बेन ना लाप

"नऊशे पस्तीस मीटर? अरे, आपलं कळसूबाई १६४६ आहे. ही टेकडी चढायला तू आठ दिवस नकाशा घेऊन बसलायस?"

दादा म्हणजे माझा मावसभाऊ. नाशिकचा, वीस वर्षं सह्याद्रीत पोरांना घेऊन फिरतोय. जूनमध्ये पंधरा दिवसांसाठी माझ्याकडे ग्लासगोला आला, तेव्हा निदान एक मन्रो तरी चढायचाच असं ठरवूनच आला होता. स्कॉटलंडमधल्या तीन हजार फुटांवरच्या डोंगरांना मन्रो म्हणतात. सर ह्यू मन्रो यांनी १८९१ साली त्यांची यादी केली. आज त्या यादीत २८२ डोंगर आहेत. माझ्याकडे गाडी नाही, त्यामुळे त्यातले बरेचसे आपोआपच बाद झाले. उरलेल्यांत बेन ना लाप होता.

तो निवडायचं कारण म्हणजे कोराउर स्टेशन. तिथं सार्वजनिक रस्ताच जात नाही. जवळचा रस्ता दहा मैलांवर. ग्लासगोहून मालेगला जाणारी गाडी मात्र थांबते, दिवसातून मोजून काही वेळा. आमच्या शनिवारी साडेअकराच्या सुमारास उतरायचं आणि संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास परत चढायचं, असं गणित होतं. ती चुकली की मुक्काम. एसटी गेली तर वडाप, वडाप नाही तर कुणाची दुधाची गाडी, ही आपली सवय इथं कामाची नव्हती. म्हणून मी नियोजन उलटं, परतीच्या गाडीपासून सुरू केलं.

सहा वाजता फलाटावर. उतरायला दोन, फार तर अडीच तास. म्हणजे साडेतीनला जिथं असू तिथून मागं फिरायचं, शिखर समोर दिसत असलं तरी.

जाऊन-येऊन चालायला किती वेळ लागेल हे काढायला इथं नेस्मिथचा नियम वापरतात. विल्यम नेस्मिथ या गिर्यारोहकानं तो १८९२ साली मांडला. आजच्या मापात सांगायचं तर दर पाच किलोमीटरला एक तास आणि दर दहा मीटर चढाला एक मिनिट जादा. स्टेशनच चारशे मीटरवर आहे, त्यामुळे चढ ५३० मीटरच्या आसपास, अंतर जाऊन-येऊन साधारण दहा किलोमीटर. हिशेब तीन तासांचा आला. मी तो साडेचार केला.

दादा खूश. "मग अडीच तास उरतात की! तो समोरचा पण करून टाकू." समोरचा म्हणजे रुळांच्या पलीकडचा लेम उलियम, ९०९ मीटर. पाच मीटरनं मन्रो व्हायचा राहिलाय बिचारा. त्यावर आमचं जेवणाच्या टेबलावर चांगलंच वाजलं. दादाचं म्हणणं, पाय चांगले असतील तर वेळ वाया का घालवायचा. माझं म्हणणं, हा वेळ उरलेला नाहीच, तो चिखलासाठी राखून ठेवलाय. शेवटी बायको म्हणाली, "भावजी, एकच करा आणि वेळेवर या." विषय संपला.

चिखल मला नकाशावर दिसला होता. सह्याद्रीचा नकाशा उघडला की समोच्च रेषा एकमेकींना चिकटून काळ्या होतात, तिथं कातळकडा आहे हे लगेच कळतं. इथल्या १:२५,००० च्या नकाशावर दर दहा मीटरला रेषा असूनही त्या ऐसपैस पसरलेल्या, कडा कुठंच नाही. पण रेषांच्या मधून निळ्या गवताच्या बारीक खुणा. दलदल. तळ्याकाठचा कच्चा रस्ता सोडला की धड पायवाट मिळेल याची खात्री नाही, बाण रंगवलेले नाहीत, वाटेत वाडी नाही आणि "मामा, वाट कुठली?" विचारायला मामाही नाही. म्हणून रस्ता कुठं सोडायचा, कुठल्या दिशेनं सोंडेवर चढायचं आणि शिखराजवळचं छोटं तळं कुठं लागतं, हे सगळं होकायंत्राच्या अंशांसकट एका कागदावर लिहून घेतलं. फोनमध्ये नकाशा होताच, पण पावसात ओल्या बोटांना टचस्क्रीन दाद देत नाही.

हवामानासाठी इथले डोंगरवाले एमडब्ल्यूआयएसचा, म्हणजे खास डोंगरांसाठीच्या हवामान सेवेचा, अंदाज बघतात. त्यात पावसाबरोबर वारा तुमच्या चालण्यावर काय परिणाम करेल आणि माथे ढगाबाहेर असण्याची शक्यता किती टक्के, हेही दिलेलं असतं. आमच्या दिवशी ती शक्यता होती तीस टक्के, वारा बऱ्यापैकी, माथ्यावर पाच अंश. जूनमध्ये! दादाची जीन्स मी बॅगेतून बाहेर काढली आणि जलरोधक पँट आत घातली. जीन्स एकदा भिजली की दिवसभर अंगावर बर्फाची पट्टी.

डोंगरावर जायला परवानगी लागत नाही. २००३ च्या कायद्यानं जबाबदारीनं फिरण्याचा हक्क सगळ्यांना दिलाय. शरद ऋतूत मात्र हरणांची शिकार चालते, तेव्हा इस्टेटीकडे, म्हणजे जमिनीच्या मालकांकडे, आधी चौकशी करावी. जूनमध्ये ती भानगड नव्हती. फोनवरून ९९९ या आणीबाणीच्या नंबरला मेसेज करता यावा म्हणून नंबर आधीच नोंदवून ठेवला. फ्रिजवर चिठ्ठी लावली: मार्ग, परतीची गाडी, आणि साडेदहापर्यंत काहीच कळलं नाही तर ९९९ लावून आधी पोलीस माग, मग डोंगरातलं बचाव पथक.

एवढं सगळं करूनही पहिला घोळ गाडीतच झाला. क्रियनलारिकला गाडीचे दोन भाग होतात, पुढं एक ओबानला जातो, दुसरा मालेगला. हे मला पाठ होतं. दादाला खिडकी हवी होती, म्हणून तो मधल्या स्टेशनावर डबा बदलून बसला आणि मला वाटलं, संडासात गेलाय. क्रियनलारिकच्या आधी घोषणा झाली तेव्हा मी धावत जाऊन त्याला ओबानच्या डब्यातून उठवलं. मांडीवर दशम्यांचा डबा उघडा.

त्यानंतर रॅनॉख मूर हा दलदलीचा मोठा माळ लागला. १८९४ साली सुरू झालेली ही लाइन इथं झाडांची मुळं, फांद्या आणि राख यांच्या थरांवर अक्षरशः तरंगती ठेवलीय, कारण खाली तळच लागेना. दादा बराच वेळ बाहेर बघत गप्प होता.

कच्चा रस्ता सोडल्यावर तिसऱ्या पावलाला त्याचा पाय गुडघ्यापर्यंत आत गेला. बूट बाहेर आला तो काळा, आणि आवाज असा की जणू म्हशीनं चिखलातून खूर उपसला. पुढचा पाऊण तास आम्ही गवताच्या ढेकळांवरून उड्या मारत काढला. नेस्मिथसाहेबांच्या नियमात हे नाही. सोंडेवर जमीन घट्ट झाली, पण ढग खाली आला. वीस पावलांपलीकडे काही दिसेना. तीनदा वाटलं हेच शिखर, तीनदा पुढं चढ निघाला. मग डावी-उजवी न करता कागदावरच्या अंशांवर चालत राहिलो, आणि राखाडी पाणी समोर आलं. नकाशातलं तळं. तिथून दगडांचा ढीग गाठला तेव्हा तीन वाजून दहा मिनिटं झाली होती. म्हणजे हातात वीस मिनिटं.

बेन नेव्हिस, ब्रिटनमधला सर्वांत उंच डोंगर, दिसतो म्हणे तिथून. आम्हाला दिसली ती दगडांच्या आडोशाला बसून खाल्लेली दशमी आणि शेंगदाण्याची चटणी.

सहाला दहा कमी असताना फलाटावर पोचलो. लेम उलियम समोरच ढगाबाहेर निघाला होता. मी त्याच्याकडे बघितलं, दादाकडे बघितलं. दादा मोजा पिळत होता.

परतीला क्रियनलारिकच्या आसपास फोनला रेंज आली. 'गाडीत आहोत' असा मेसेज गेला. उत्तर आलं, 'कुकर लावू का?'