आधी टेप लावली, मग लेन्स घेतली

पहिली प्राइम लेन्स (झूम न होणारी) म्हटलं की जो तो ‘पन्नास घे’, म्हणजे ५० मिमीची घे, म्हणतो. ती स्वस्त असते, हलकी असते, हे खरंच. पण पन्नासला मागे सरकायला जागा लागते, ते कोणी सांगत नाही. माझ्याकडे कॅननची क्रॉप (लहान) सेन्सरची बॉडी आणि तिच्यासोबतची १८-५५ मिमीची झूम, म्हणजे किट लेन्स, होती, पैसे एकाच लेन्सपुरते. म्हणून आधी सपरीत (ओसरीत) मोजायची टेप लावली.

या बॉडीवर ५० मिमीने कॅमेरा उभा धरून माणूस डोक्यापासून पायापर्यंत घ्यायचा, तर साडेबारा फूट अंतर लागतं. आमची सपरी दहा फुटांची, त्यापुढे नाली. २४ मिमीला सहा फूट पुरतात. नुसत्या कागदावर हिशेब नको म्हणून किटची झूम रिंग मास्किंग टेपने आधी २४ वर आणि नंतर ५५ च्या जरा अलीकडे, अशी दोन-दोन दिवस बांधून ठेवली. (सेलोटेप लावू नका, उन्हात त्याचा गोंद रिंगवरच राहतो.) घरात २४ जिंकली.

पण मला फोटो हवे होते ते दिवाळीनंतरच्या, पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटकांचे. तिथे प्रश्न उजेडाचा. एफचा आकडा जितका लहान, तितका उजेड जास्त. किट लेन्स २४ वर एफ ४ देते आणि कॅननची स्वस्त २४ एफ २.८ ची, म्हणजे उजेड फक्त दुप्पट. ५० च्या आसपास मात्र किट ५.६ वर अडकते, तिथे पन्नासची एफ १.८ म्हणजे जवळपास दहापट उजेड. शिवाय स्टेजपासून वीस फुटांवर बसलं की ५० च्या आडव्या फ्रेममध्ये नऊ फूट रुंदी आणि सहा फूट उंची मावते. उभा नट बरोबर बसतो. घेतली पन्नास.

निकॉनवाल्यांचं काम सोपं आहे. त्यांच्या क्रॉप सेन्सरसाठीच्या डीएक्स ३५ मिमी एफ १.८ जी मध्ये घर आणि रात्र दोन्ही भागतं. फक्त स्वस्त मिळते म्हणून ५० ची जुनी ‘डी’ लेन्स घेऊ नका. तिच्यात फोकसची मोटर नसते आणि डी३५००, डी५६०० सारख्या बॉडीतही नसते, त्यामुळे फोकस हातानेच करत बसावं लागतं.

मी सेकंडहँड ५० मिमी एफ १.८ एसटीएम (कॅननच्या पन्नासची नंतरची आवृत्ती) घेतली. पहिली आलेली परत केली, आत बुरशी होती. नुसतं बघून काच लख्ख वाटते. अंधारात मागून मोबाइलचा टॉर्च तिरपा मारला की कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसतात. बारीक धूळ चालते, धागे नाही. माउंट (लेन्स बॉडीला बसते तो भाग) प्लास्टिकचा असेल तर ती जुनी ‘टू’ (II) आवृत्ती आहे, एसटीएमच्या भावात घेऊ नका. एसटीएमची फोकस रिंग कॅमेरा बंद असताना फिरवली तर फोकस हलत नाही. तो बिघाड नव्हे.

मीटरभरावरून १.८ वर जेमतेम अडीच सेंटिमीटर भाग स्पष्ट येतो. नाक धारदार, डोळे मऊ, हा प्रकार त्यातूनच होतो. मधला एकच फोकस पॉइंट डोळ्यावर ठेवा. नाटकात वीस फुटांवरून ही अडचण नाही. तिथे सतावतात ते एलईडी दिवे. शटर वेगवान ठेवलं की फोटोत काळे पट्टे येतात. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून १/१०० सेकंदाच्या शटरवर बरेचसे पट्टे जातात. किटवर एफ ५.६, १/३०, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ६४०० लागत होतं. आता एफ २, १/१००, आयएसओ २५०० वर तोच उजेड येतो.

पावसाळ्यात कापडी बॅगेत लेन्स ठेवली की बुरशी आलीच समजा. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा आणि निळी सिलिका जेल पुरते. दाणे गुलाबी झाले की पत्र्याच्या जुन्या डब्यात मंद आचेवर निळे होईस्तोवर तापवायचे. स्वयंपाकाच्या कढईत नाही. त्यातला निळा रंग विषारी असतो.