मोडी वाचन, महिना सहावा: शब्द कुठे तोडायचा?

मोडीची, म्हणजे मराठीच्या जुन्या लिपीची, अक्षरं आता फारशी अडत नाहीत, अडतात ते शब्द. तीन आठवडे सरावाच्या एकाच इनामपत्राची (इनाम दिल्याच्या जुन्या कागदाची) झेरॉक्स घेऊन बसलोय आणि काल रात्री शेवटची ओळ लागली!

नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी थोडं सांगतो. मोडीत आधी कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत शिरोरेषा ओढायची आणि मग तिच्याखाली अक्षरं लिहीत जायची. दोन शब्दांत जागा नाही, विरामचिन्हं नाहीत. ओळ संपली की शब्द अर्ध्यात तुटून खाली येतो. त्यात ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही आणि अनुस्वार बरेचदा गाळलेला. त्यामुळे शब्द फोडणं हे निम्मं वाचनच आहे.

माझी ओळ अशी होती:

दरहरसालताजेखुर्दखताचाउजूरनकीजे

'दर हरसाल' लगेच सुटलं. पुढे मी 'ताजे खुर्द' तोडलं, कारण खुर्द म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे गावच येतं. खत म्हणजे पत्र, म्हणजे 'ताजे खुर्दच्या पत्राचा' काहीतरी मामला! आठवडाभर नकाशात ते गाव शोधत होतो. शेपटाला 'उजू रनकीजे' उरलं, त्याचा तर काहीच अर्थ लागेना.

वाट सापडली ती पुढच्या ओळीत. तिथे शेवटी 'परतोनदीजे' होतं. दीजे, म्हणजे द्यावे. मग इथे कीजे, करावे. त्याआधीचा 'न' सुटा केला आणि 'उजूर' मोकळा झाला. उजूर म्हणजे हरकत, सबब. 'खुर्दखत' हा एकच शब्द, म्हणजे हुकुमाचा कागद. दरवर्षी नव्या हुकुमासाठी अडून बसू नका, आणि नक्कल (तिला 'तालीक' म्हणत) उतरवून घेऊन अस्सल कागद परत द्या, एवढंच सांगायचं होतं. किती नेटकं लिहिलंय!

तेव्हापासून मी ओळ शेवटाकडून फोडतो. आधी क्रियापद शोधायचं, पेन्सिलीने उभी रेघ मारायची, मग मागे मागे यायचं.

संगणकवाल्या एका मित्राला हे दाखवलं. संगणकाकडून मजकूर वाचून घेताना ही मंडळी याला सेगमेंटेशन म्हणतात: आधी ओळी, मग शब्द, मग अक्षरं वेगळी काढायची. छापील देवनागरीत शब्दांमधली कोरी जागा त्यांच्या कामी येते. मोडीत ती जागाच नाही. युनिकोडमध्ये (संगणकावर अक्षरं लिहिण्याच्या प्रमाण पद्धतीत) मोडी 2014 साली आली, पण त्याने फक्त अक्षरांना घर मिळालं. शब्द कुठे संपतो ते जुनी मराठी येणाऱ्यालाच कळतं.

आता पेशवेकालीन पत्र घेतलंय. पहिल्याच ओळीत 'वसालमजकुरी' आहे. मी 'व साल मजकुरी' फोडलंय, म्हणजे 'आणि चालू वर्षी'. रेघ अजून पेन्सिलीचीच आहे.