वेळासची टोपली

मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात मी मंडणगड तालुक्यातील वेळासला गेले. पुण्याहून ताम्हिणी उतरून माणगाव, म्हसळा करीत बागमांडला गाठले आणि गाडीसकट फेरीबोटीने सावित्रीची खाडी ओलांडून वेसवीला उतरले. बाणकोट मागे पडले की थोड्याच वेळात नारळी-पोफळीच्या सावलीतले वेळास येते. नाना फडणवीसांचे हे मूळ गाव. पण फेरीबोटीत जो तो कासवांविषयीच बोलत होता.

ऑलिव्ह रिडले कासवाची मादी हिवाळ्यात रात्री किनाऱ्यावर येऊन वाळूत खड्डा करते, शंभर-सव्वाशे अंडी घालते आणि मागे वळून न पाहता समुद्रात परतते. पूर्वी ही अंडी माणसे उकरून नेत, उरलेली कोल्ह्या-कुत्र्यांच्या तोंडी जात. 2002 साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने भाऊ काटदरे यांच्या पुढाकाराने येथे संरक्षणाचे काम सुरू केले. गावातलेच तरुण पहाटे किनारा तुडवून घरटी शोधू लागले आणि अंडी कुंपणाच्या आत, तेवढ्याच खोल खड्ड्यात नेऊन पुरू लागले. साधारण दीड-पावणेदोन महिन्यांनी बाहेर येणारी पिल्ले पाहायला लोक येऊ लागले, तेव्हा त्यांना उतरवायचे कोठे, हा प्रश्न गावाने आपली घरे उघडून सोडवला.

मी उतरले त्या घरात बाहेरून आलेले असे काही नव्हते. जेवणात कुळथाचे पिठले, कोवळ्या फणसाची भाजी आणि सोलकढी होती, तर निजायला माजघर. मागील दारी बांधलेली दोन न्हाणीघरे तेवढी नवी होती. दुपारी खोबरे खवता खवता घरच्या काकू म्हणाल्या, “पहिल्या वर्षी पैसे घ्यायचीच लाज वाटली हो! दारी आलेल्याला जेवू घालून वर पैसे मागायचे, हे आमच्या सासूबाईंना पटेना.” प्रत्येक घरात राहण्या-जेवणाचा दर वेगळा नको म्हणून गावाने तो एकत्र बसून ठरवल्याचेही त्यांनी सांगितले. मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटली, कारण शेजाऱ्याहून पन्नास रुपये कमी घेण्याची चढाओढ एकदा लागली की गावातली माया आधी आटते आणि मिळकत मागाहून.

3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळाने या पट्ट्यातील बागा भुईसपाट केल्या. पोफळ लावल्यापासून हाती सुपारी यायला सहा-सात वर्षे जातात. मधल्या काळात घर कशावर चालवायचे? काकूंच्या मुलाने त्या वर्षी मुंबईची वाट धरली होती; आता मोसमापुरते तीन महिने तो गावी येतो. तीनच महिने, हेही खरे. शिवाय ज्याच्याकडे जादा खोली नाही, त्याच्या वाट्याला यातले फारसे येत नाही आणि पहाटे चारला चूल पेटवणाऱ्या बाईचे कष्ट हिशेबाच्या वहीत कोठेच दिसत नाहीत. ग्रामीण पर्यटनाचे गोडवे गाताना या दोन गोष्टी आपण सोयीस्करपणे वगळतो.

सकाळी सुरूच्या बनातून किनाऱ्यावर गेलो. प्रत्येक खड्ड्यावर बांबूची टोपली पालथी घातलेली होती आणि शेजारच्या पाटीवर तारीख व अंड्यांची संख्या लिहिलेली होती. घरट्यांची राखण करणाऱ्या गावातल्या तरुणाने, म्हणजे कासवमित्राने, एकेक टोपली उचलली. खाली नुसती वाळू. “एवढ्या लांबून आलो, म्हणजे काहीतरी दाखवायलाच हवं,” असे एक गृहस्थ कुरकुरले. “काका, ती काय आम्ही बोलावून येतात?” असे म्हणून त्या मुलाने टोपली परत पालथी घातली.

संध्याकाळी चौथ्या टोपलीखालची वाळू आधी किंचित खचली, मग त्यातून एक काळपट डोके आणि वल्ह्यासारखा इवलासा पाय वर आला. अकरा पिल्ले निघाली. ती पाण्यात न सोडता अलीकडे ओल्या वाळूवर ठेवली, कारण समुद्रापर्यंतची चाल त्यांची त्यांनीच चालायची असते. दोरीमागे उभे असलेले ते सकाळचे गृहस्थही उकिडवे बसून बघत होते. शेवटचे पिल्लू दोनदा लाटेने मागे फेकले गेले आणि तिसऱ्या लाटेबरोबर दिसेनासे झाले.

रात्री काकूंनी विचारले, “किती निघाली?” मी आकडा सांगितला. त्यांनी मान डोलावली आणि उद्याच्या बारा पानांसाठी तांदूळ मोजायला घेतले.