त्याच्या आधीचं आहे का?

वरून पाहिलं तर शेवरीला काहीच झालेलं नव्हतं. राखाडी, गुबगुबीत, उजव्या कानाची कड जराशी फाटलेली, बस्स. शेवरी चिंचिला आहे, म्हणजे उंदराच्या कुळातला, सशासारखा मऊ छोटा प्राणी. चिंचिलाची फर इतकी दाट असते की त्वचेवरच्या एकेका छिद्रातून पन्नास-साठ केस निघतात. खाली जखम असली तरी रक्त केसांतच मुरतं, बाहेर दिसत नाही. म्हणून हा प्राणी डोळ्यांपेक्षा बोटांनी तपासावा लागतो. मी केसांच्या उलट्या दिशेने बोटं फिरवत गेले आणि शेपटीच्या मुळाशी बोराएवढी गाठ हाताला लागली. गरम होती. शेवरीने अंग चोरलं. फुंकर घालून केस बाजूला केले तेव्हा गाठीच्या माथ्यावर शेजारी शेजारी दोन बारीक खपल्या दिसल्या. पुढच्या दातांच्या खुणा.

"चार दिवस झाले, मॅडम," मुलगी म्हणाली. "रक्त दिसलं नाही म्हणून वाटलं, लागलं नसेल."

तिचे बाबा भिंतीपाशी उभे होते. ते म्हणाले, "डॉक्टर, आम्ही ठरवलंय. त्या मिरीला देऊन टाकायचं. ओळखीतल्या एकांनी घेतो म्हटलंय, उद्या येतील न्यायला. ही बिचारी किती सोसणार?"

मुलगी काही बोलली नाही. तिची नजर शेवरीच्या फाटक्या कानावर होती.

शेवरी आणि मिरी सख्ख्या बहिणी, एकाच वेतातल्या. सहा वर्षं एका पिंजऱ्यात, एका फळीवर, एकमेकींच्या अंगावर रेलून झोपलेल्या. बारा दिवसांपूर्वी रात्री त्या पहिल्यांदा भांडल्या, तेव्हाही ही दोघं शेवरीलाच घेऊन माझ्याकडे आली होती. पिंजऱ्यात सगळीकडे केसांचे पुंजके पडले होते. चिंचिलाला कुणी पकडलं की ती तेवढ्या जागेचे केस सोडून देते आणि निसटते, त्यामुळे पुंजके पाहून घाबरायचं कारण नसतं. कान फाटला होता, तो मी साफ केला आणि वेदनाशामक दिलं. मग म्हणाले, माजाचा काळ असेल. मादीला साधारण चाळीस दिवसांनी माज येतो, तेव्हा ती चिडचिडी होते. एक आठवडा वेगळ्या ठेवा, मग पुन्हा एकत्र करा.

मिरीला मी पाहिलंच नाही. "तिला काही लागलेलं नाही," असं त्यांनी सांगितलं आणि मी ते पुरेसं मानलं. मी ज्यांच्या हाताखाली शिकले ते सर नेहमी सांगत, जोडी भांडली तर जोडी तपासायची, एकटी जखमी नव्हे. मला ते तोंडपाठ होतं, तरी त्या दिवशी मी ते केलं नाही. त्यांनी माझ्या सांगण्याप्रमाणे आठवडाभर दोघींना वेगळं ठेवलं, आठव्या दिवशी एकत्र सोडलं, आणि त्याच रात्री शेवरीच्या पाठीवर हे दोन दात रुतले. टेबलावरची ती गाठ मला माझ्याच सल्ल्याचं फळ वाटत होती.

"एकत्र सोडल्यावर काय झालं, कुणी पाहिलं?" मी विचारलं.

मुलीने फोन काढला. चिंचिला संध्याकाळनंतर जाग्या होतात, म्हणून तिने पिंजऱ्यासमोर फोन लावून रात्रीचं चित्रण केलं होतं. तिने दाखवलेला तुकडा वीसेक सेकंदांचा होता. मिरी मागच्या पायांवर उभी, पुढचे पाय छातीशी, तोंडाने 'कॅक कॅक' असा कोरडा आवाज. मग ती लघवीची पिचकारी उडवते. चिंचिलाच्या माद्या धमकी देताना हे करतात आणि नेम अचूक असतो. शेवरी मागे सरते, मिरी झेप घेते आणि पुढे नुसता फरचा गोळा फिरताना दिसतो. बाबा म्हणाले, "बघा. कारण नाही, काही नाही."

"त्याच्या आधीचं आहे का?" मी विचारलं.

होतं. मुलीने चित्रण मागे नेलं. भांडणाच्या सहा-सात मिनिटं आधी मिरी फळीच्या कोपऱ्यात अंग आवळून बसली होती. शेवरी हळूहळू जवळ आली आणि तिने मिरीच्या गालाशी नाक नेलं. चिंचिला एकमेकींची साफसफाई अशीच करतात, डोळ्यांच्या कडेपासून, हनुवटीखालून, पुढच्या दातांनी हलकेच कुरतडत. मिरीने तोंड फिरवलं. शेवरी दुसऱ्या बाजूने आली, मिरीने पुन्हा तोंड फिरवलं. तिसऱ्या वेळी मिरीने डोकं भिंतीत खुपसलं. तिथून पुढे सरकायला जागा नव्हती. शेवरी मायेने येतच राहिली आणि तिचं तोंड मिरीच्या हनुवटीखाली गेलं. त्याच क्षणी मिरी उसळून उभी राहिली.

मी ते तीनदा पाहिलं. दर वेळी मिरी फक्त तोंड वाचवत होती. अन्न, जागा, फळी, कशावरूनही तंटा नव्हता.

"काका, मिरीला आत्ता घेऊन या," मी म्हणाले. "शेवरीची गाठ मी तोवर बघते."

ते दोघं गेले. शेवरीला भूल देऊन मी गळू उघडलं, आतला घट्ट पू काढला, पोकळी धुतली. औषध निवडताना इथे फार जपावं लागतं. पेनिसिलिन गटातली कित्येक औषधं किंवा क्लिंडामायसिन तोंडावाटे दिलं तर चिंचिलाच्या आतड्यातले उपयोगी जिवाणू मरतात आणि जखमेतून वाचलेला जीव पोटाने जातो. काम हाताने चाललं होतं, डोक्यात मात्र एकच गोष्ट घोळत होती. उद्या ती मिरी दुसऱ्या घरी गेली असती, 'चावरी' असा शिक्का घेऊन.

तासाभराने मिरी आली. वजनकाट्यावर ठेवली. आठ महिन्यांपूर्वीच्या नोंदीत ती ६५५ ग्रॅम होती, आता ५७२. फरमुळे हाडं लपतात, बाहेरून ती तशीच गोलमटोल दिसत होती. डाव्या डोळ्याच्या कडेला ओल, हनुवटीखालचे केस चिकटून बारीक दोऱ्यांसारखे झालेले. खालच्या जबड्याच्या कडेवरून अंगठा फिरवला तर गुळगुळीत हाडाऐवजी मण्यांसारखे तीन उंचवटे. दुसऱ्या मण्यावर अंगठा टेकताच मिरीने दात किटकिटवले, पण चावली नाही.

"ही गवत खाते का?" मी विचारलं.

"पिंजऱ्यातलं गवत तर संपतं," बाबा म्हणाले.

"कोण संपवतं?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. जोडीने राहणाऱ्या प्राण्यांच्या बाबतीत मला ही अडचण वारंवार दिसते. भांडं एक, लेंड्या एकत्र. एकीने अर्धं खाल्लं आणि दुसरीने दीडपट, तर हिशोब बरोबर जुळतो. मग मुलगी हळूच म्हणाली, "मिरी काडी उचलते, मग खाली टाकते. मला वाटायचं, खेळते."

चिंचिलाचे वीसच्या वीस दात आयुष्यभर वाढतात. पुढचे तर वर्षाला पाच-सात सेंटीमीटर वाढतात आणि चावून चावून तेवढेच झिजतात. दाढा झिजायला खरबरीत गवत तासन्‌तास चावावं लागतं. ते झालं नाही, किंवा जन्मतःच ठेवण बिघडलेली असली, की दाढ वर वाढते, पलीकडच्या दाढेवर टेकते आणि मग तिचं मूळ उलट्या दिशेने हाडात घुसत जातं. वरच्या दाढांची मुळं डोळ्याकडे सरकतात म्हणून डोळा पाझरतो. खालच्यांची मुळं जबड्याच्या तळाशी मण्यांसारखी हाताला लागतात. हे महिनोन्‌महिने चालतं आणि प्राणी दाखवत नाही. शिकार होणाऱ्या जातीत दुखणं दाखवणं परवडत नसतं.

एक्स-रेमध्ये ते सगळं स्पष्ट दिसलं. भूल देऊन तोंड उघडलं तेव्हा वरच्या डाव्या दाढेची कड सुईसारखी वाढून गालात रुतलेली होती आणि तिथे मसूरडाळीएवढा व्रण होता. शेवरी रोज रात्री नेमकी त्याच गालाला बाहेरून प्रेमाने कुरतडत होती.

दाढांची टोकं मी घासून समपातळीत आणली. काम वीस मिनिटांचं, पण एवढ्याशा जिवाला भुलेत थंडी पटकन भरते, म्हणून खाली उबदार गादी आणि मदतनीसाचा हात सतत छातीवर. बाहेर आले तेव्हा बाबांनी एकच विचारलं, "म्हणजे ती शेवरीवर चिडली नव्हती?"

"दुखत होतं तिला, काका. आणि जायला जागा नव्हती."

या प्राण्यांचं मूळ घर दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वताच्या खडकाळ उतारांवर आहे. तिथे चिंचिला मोठ्या कळपाने राहतात आणि जिचं पटत नाही ती शेजारच्या कपारीत निघून जाते. १९२३ साली मॅथियस चॅपमन या अमेरिकी खाण अभियंत्याने तिथून ११ चिंचिला कॅलिफोर्नियात नेल्या. त्या नेल्या होत्या फरसाठी, जिच्यापायी रानातल्या चिंचिला शिकारीने संपत आल्या होत्या. आज घरोघरी असलेल्या बऱ्याचशा चिंचिला त्यांच्याच वंशातल्या. पिंजऱ्यात आल्या तेव्हा कळप नाहीसा झाला आणि कपारीही. जी निघून गेली असती ती आता उभी राहून चावते. मला हे बाबांना सांगावंसं वाटलं आणि मी सांगितलं. ते ऐकत होते. मग त्यांनी फोन उचलला, बाहेर गेले, आणि परत येऊन म्हणाले, "त्यांना नको म्हणून कळवलं."

तेव्हा मीही त्यांना सांगितलं, की पहिल्याच वेळी मिरीला आणा म्हणायला हवं होतं, ते माझं चुकलं. मुलगी म्हणाली, "मॅडम, आम्हालाही कळलं नव्हतं." तिने ते समजुतीने म्हटलं, पण कळायचं काम माझं होतं.

पुन्हा एकत्र आणण्याची घाई या वेळी मी करू दिली नाही. आधी मिरी बरी व्हायला हवी. दहा दिवस वेदनाशामक आणि बारीक केलेल्या गवताची पातळ पेज सिरिंजने. चिंचिला खायची थांबली की आतडं थंडावतं आणि ते दाढेपेक्षा लवकर जीव घेतं. दोन पिंजरे शेजारी शेजारी, मधे वीतभर अंतर. त्यांना अगदी चिकटवून ठेवलं तर जाळीतून पायाची बोटं चावली जातात, आणि ती बोटं मी दुसऱ्या एका जोडीत गेलेली पाहिली आहेत. दर दोन दिवसांनी फळ्यांची अदलाबदल. चिंचिला बारीक धुळीत लोळून अंग साफ करतात; त्या धुळीच्या आंघोळीचं भांडं दोघींना एकच, आधी एकीला, मग त्याच धुळीत दुसरीला, म्हणजे वास मिसळतो. दवाखान्याचा वास एकीच्याच अंगावर असला तर दुसरी तिला परकी समजते, तेही मला टाळायचं होतं.

चौथ्या आठवड्यात पहिली भेट, दोघींनी कधीच न पाहिलेल्या खोलीत, दहा मिनिटं. बाबा जाड हातमोजे घालून आणि हातात टॉवेल घेऊन बसले. दोघींमध्ये उघडा हात घालायचा नाही, हे मी त्यांच्याकडून दोनदा वदवून घेतलं होतं. थोडा पाठलाग झाला, मिरी एकदा शेवरीच्या पाठीवर चढली. वर कोण हे ठरवण्याची ती रीत, ती होऊ द्यायची. केस उडाले तरी थांबायचं, बघायचं. रक्त दिसलं किंवा दोघी एकमेकींत गुंतून फिरू लागल्या तर मात्र टॉवेल टाकून लगेच वेगळं करायचं. तशी वेळ आली नाही. पिंजरा नव्याने मांडला तेव्हा लपायची घरं दोन ठेवली आणि दोन्हींना दोन-दोन दारं, गवताची टोपली दोन ठिकाणी, पाण्याच्या बाटल्या दोन. कोपऱ्यात कोंडलं जाईल अशी एकही फळी ठेवली नाही. सातव्या आठवड्यात त्या रात्रभर एकत्र राहिल्या. पाठीला पाठ लावून झोपल्या, तोंडं विरुद्ध दिशेला.

दाढांची मुळं काही माघारी जात नाहीत. हे मी पहिल्या दिवशीच सांगितलं होतं. टोकं पुन्हा वाढणार, पुन्हा घासावी लागणार. सगळ्या जोड्या पुन्हा जुळतातच असंही नाही. काहींना आयुष्यभर जाळीच्या दोन बाजूंनी शेजार ठेवून जगावं लागतं, आणि त्यात कुणाचा पराभव नसतो. मुलीने एक वही केली. दर रविवारी दोघींचं वजन, वेगवेगळं. आणि रोज रात्री एक ओळ, मिरीने गाल पुढे केला की फिरवला.

चार महिन्यांनी सकाळी तिचा फोन आला. "मॅडम, काल शेवरी गेली तर मिरीने तोंड फिरवलं. भांडण नाही झालं. वजन चौदा ग्रॅम उतरलंय. येऊ का?"

मी दोघींना बोलावलं. वरच्या डाव्या दाढेला नुकती कोवळी कड आली होती, गालाला ओरखडासुद्धा नव्हता. दहा मिनिटांत काम झालं. मिरीला शुद्ध येईपर्यंत आम्ही शेवरीची टोपली तिच्या टोपलीशेजारी ठेवली, जाळीला जाळी भिडवून नाही, बोटं वाचतील एवढं अंतर सोडून. शेवरी उठली, जाळीतून नाक बाहेर काढून हुंगत राहिली. मिरी डळमळत उभी राहिली, जाळीपर्यंत आली, आणि तिने डावा गाल तिच्या बाजूला केला.